मोरेबाईंचं वादळ

अन्याय झाला तो वत्सला मोरे यांच्यावर. कर्जतजवळच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या मोरेबाईंवर. झाला १९७९ सालच्या जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या शनिवारी, दुपारच्या चहाच्या जरा आधी, मुंबईतल्या एका थंडगार सभागृहात. करणाऱ्याच्या गळ्यात तेव्हा झेंडूचा हार होता. जिच्यावर झाला ती मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

हे आधी सांगून टाकलं. मला पत्रकांची सवय आहे. कोणावर, कधी, कुठे, हे सुरुवातीलाच आलं नाही तर वाचणारा त्या कागदात चणे बांधतो. आता बाकीचं सावकाश सांगते. सावकाश म्हणजे मऊ नव्हे.

सध्या भातं पिकलीत. कर्जतपासून खोपोलीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिवळं झालंय. सकाळी धुकट, दुपारी अंगाची लाही, आणि चार वाजले की घाटाच्या माथ्यावर काळं डोकं वर काढणारा तो परतीचा ढग. कापलेला भात शेतात पसरलेला असतो आणि माणसं विळा हातात धरून वर बघत उभी राहतात. घरात रेडिओ चालू असतो. बातम्या चाललेल्या असतात आणि मध्येच त्यात टक् होतं. मग टक् टक्. मग भुईमुगाच्या शेंगा फोडाव्यात तसं काहीतरी. घरातले म्हणतात, रेडिओ बिघडला. मला माहीत असतं की रेडिओ ठणठणीत आहे, लांब कुठेतरी वीज पडतेय आणि तिचा आवाज कानाआधी रेडिओला कळलाय. हे मला बाईंनी शिकवलं. लोकांना या दिवसांत नव्या तांदळाचा वास आठवतो. ते टक् ऐकलं की मला मत्सर आठवतो. दर वर्षी, ठरल्यासारखा, पिकासोबत तयार होतो.

मत्सर वाईट, असं सगळे सांगतात. आमच्या विहारात सांगतात, शाळेत सांगत. ज्यांचं काही कोणी नेलेलं नसतं ते जास्त जोरात सांगतात.

बाई आमच्यातल्याच. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी घरातले देव पाटीत भरून पाताळगंगेत सोडले तेव्हा त्या शाळकरी पोर होत्या. पुढे मुंबईला वसतिगृहात राहून इंजिनीअर झाल्या. सगळ्या वर्गात एकटी मुलगी, आणि ती आमच्यातली, म्हणजे दोनदा एकटी. प्रयोगाला जोडीदार मिळायचा नाही, म्हणून सगळे प्रयोग स्वतःच्या हातांनी केले. ‘त्यानं माझं चांगलंच झालं,’ असं त्या म्हणायच्या. मला हे पटत नाही. जोडीदार न देणाऱ्यांचे आभार मानायची ही कुठली रीत? पण बाईंचा स्वभावच तसा. ज्यांनी रागवायला हवं त्या रागवत नाहीत, म्हणून तो राग माझ्या वाट्याला येतो.

मुंबईतली नोकरी चालून आली होती, ती सोडून त्या आमच्याकडे आल्या. आल्या तेव्हा प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद खोली आणि आत वाळवी. भंगारात गेलेले रेडिओ, फौजेच्या लिलावातली काळी खोकी, फुटक्या मीटरांच्या काचा, असलं गोळा करून बाईंनी ती खोली उभी केली. पहिल्याच तासाला त्यांनी आम्हाला एक उघडा रेडिओ दाखवला. व्हॉल्व्हचा, पोट फाडून ठेवलेला.

‘हा मुका झालाय. कुठे बिघाड आहे ते कसं शोधाल?’

बाईंनी डावा हात पाठीमागे नेला आणि उजव्या हाताचं बोट आत एका जागी टेकवलं. स्पीकर गुरगुरला. म्हशीनं लांबून ओ द्यावी तसा.

‘हे माझं अंग बोलतंय. भिंतीतल्या तारांतली वीज आपल्या सगळ्यांच्या अंगात थोडी थोडी गुणगुणत असते. इथपासून पुढे रेडिओ बरा आहे. आता एक पायरी मागे. एक हात मात्र कायम पाठीमागे ठेवायचा. दोन्ही हात आत घातलेत तर झटका काळजातून जाईल.’

मग एकेकाला बोलावून बोट टेकवायला लावलं. वर्गातला एक टारगट म्हणाला, ‘बाई, माझा आवाज जास्त मोठा आला!’ बाई म्हणाल्या, ‘तू अंघोळ कमी करतोस म्हणून नव्हे हो, तुझं बोट घामेजलंय म्हणून.’ वर्ग हसला. माझी पाळी आली. मी बोट टेकवलं. तीच म्हैस, तीच ओ. मी मागे वळून सगळ्या वर्गाकडे बघितलं. का बघितलं ते आमच्या वस्तीतल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

तेव्हापासून मला त्या बाई माझ्या एकटीच्या हव्या होत्या.

आता बाईंच्या संशोधनाबद्दल. त्यांनी डॉक्टरेटसाठी नाव नोंदवलं होतं. विषय स्वतः निवडलेला: घाटावर होणाऱ्या विजांचा रेडिओतला आवाज, तो कुठल्या दिशेनं येतो, आणि त्यावरून वादळ सरकतं कसं. त्याला लागणारं यंत्र बाईंनी सुताराकडून करून घेतलं. माणसाच्या उंचीची लाकडी चौकट, तिच्यावर तांब्याच्या तारेचे वेढे, खाली फिरती बैठक. लांबून बघितलं तर वाटायचं, कोणीतरी बाज उभी करून ठेवलीय. गावानं नावच पाडलं, बाईंची बाज.

ती बाज हळूहळू फिरवायची, कानाला हेडफोन लावून. कडकड ऐकू येत असते. फिरवता फिरवता एका जागी आवाज एकदम दबतो. तिथे बाजेचं तोंड बरोबर वादळाकडे असतं. ज्याच्याकडे ती तोंड करून उभी राहते, त्याचंच तिला ऐकू येत नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं, ‘बाई, ही बाज आपल्या पुढाऱ्यांसारखी आहे.’ बाई हसल्या नाहीत. त्या आकडा वाचत होत्या.

पण एका बाजेनं भागत नाही. ती नुसती रेघ सांगते. वादळ त्या रेघेवर घाटाकडे आहे की समुद्राकडे, ते सांगत नाही. म्हणून दुसरी बाज लांब ठेवायची, तिचीही रेघ काढायची, आणि दोन्ही रेघा नकाशावर जिथे एकमेकींना कापतील तिथे वादळ. सोपं आहे. माझं दुःख याच सोपेपणात आहे. दोन बाजा, म्हणजे दोन ठिकाणं. एक तंत्रनिकेतनाच्या गच्चीवर, बाईंजवळ. दुसरी ठाकुरवाडीला, घाटात, गाडी क्षणभर थांबते आणि उतरणारा एखादाच असतो तिथे.

बाईंनी दोन मुली निवडल्या. मी आणि कुंदा. कुंदा पाटलांची, कर्जतकडची, घरची भरपूर भातशेती, केसांना घरच्या तेलाचा वास. स्वभावानं चांगली होती, हे मी नाइलाजानं लिहिते. बाईंनी तिला गच्चीवर ठेवलं आणि मला ठाकुरवाडीला पाठवलं.

‘मलाच का?’

‘तू एकटी निभावशील. कुंदा घाबरते.’

म्हणजे घाबरायचं असतं तर मला गच्ची मिळाली असती! धीट पोरींना हीच शिक्षा. कुणाच्या तरी शेजारी बसायला मिळत नाही.

गच्चीवर हेडफोन एकच होता. एक कान बाईंचा, एक कान कुंदाचा. हे मी डोळ्यांनी पाहिलं. एकदा बॅटरी न्यायला अवचित वर गेले तर दोघी डोक्याला डोकं लावून बसलेल्या, मध्ये ती वाकवलेली पट्टी, डोळे मिटलेले, आणि दोघींच्या चेहऱ्यावर एकच वीज एकाच वेळी येऊन जात होती. मी जिन्यातच उभी राहिले. माझ्याकडे दोन्ही कान माझे होते. मला त्या एका कानाचा इतका हेवा वाटला की बॅटरी न घेताच खाली आले आणि मग ती न्यायला पुन्हा चढले.

ठाकुरवाडीला मी शाळेच्या अंगणात बाज उभी करायची. दुपारच्या बातम्यांआधी रेडिओवर ठोके पडतात, त्यांवर घड्याळ लावायचं, तिकडे गच्चीवरही लावलेलं असायचं. मग ठरल्या वेळी फिरवायचं, ऐकायचं, दिशा आणि आवाजाचा जोर लिहायचा. वाडीतल्या दोन म्हाताऱ्या येऊन बसत. त्यांची बोली मला निम्मीच कळे, पण त्या बाजेला हात लावून तार मोजत आणि आपसात खुसखुसत, ते कळे. नवरा नाही, बाज आहे, असं काहीतरी असणार.

आणि मग गाड्या. घाट चढायला कर्जतला गाडीला मागूनही इंजिन लावतात. चढताना इंजिनांच्या डोक्यावरचा सांगाडा वरच्या तारेला घासतो, ठिणग्या उडतात. कानात सरळ खरखर शिरायची, कढईत पाणी सांडल्यासारखी. सुरुवातीला मी घाबरून हेडफोन काढायचे. वीज म्हणजे टक्, तुटक, लहरी. गाडी म्हणजे सलग खरखर, वाढते, टिकते, उतरते. आठवड्याभरात झोपेतही ओळखता आलं असतं. मी बाईंना म्हटलं, ‘गाडीच्या वेळची नोंद घेतच नाही, सोडून देते.’

बाई पहिल्यांदा माझ्यावर रागावल्या. ‘कानात गाळायचं नाही! जे ऐकलंस ते सगळं लिही. समोर शेऱ्यात लिही, गाडी. गाळायचं ते नंतर, सगळ्यांसमोर, कारण देऊन. कानात गाळलेलं कुणाला तपासता येत नाही.’

ही त्यांची पद्धत. आधी सगळं लिहायचं, मग गाळायचं. म्हणून आमच्या नोंदींत प्रत्येक दिवशी आकड्यांच्या रांगा होत्या आणि शेवटी शेऱ्याचा रकाना, माझ्या हातचा, मराठीत: गाडी. गाडी. वीज. गाडी, मागे इंजिन. वीज, लांब. म्हातारी खोकली.

त्या कापणीत गावाला बाजेचं वेड लागलं. माझी आई शेतावर मजुरीला जायची. संध्याकाळी मी परतले की पहिला प्रश्न, ‘काय गं, बाईंची बाज काय बोलली? भारं उचलायचं का उद्या?’

‘आई, ती पाऊस सांगत नाही. वीज कुठे आहे तेवढंच सांगते.’

‘मंग कशाला उभी केलीय ती? नुसती वीज तर आमाला पण दिसते.’

शेजारचे धर्माआप्पा ओट्यावरून ओरडत, ‘अगं, तिला इचार, पाटलांच्या खळ्यावर पडंल का नाय ती!’ आणि सगळी आळी हसायची. एकदा आप्पा स्वतः गच्चीखाली जाऊन उभे राहिले. ‘मोरेबाय, तुमी शिकल्या-सवरल्या, एक सांगा, भात आज पसरू का नको?’ बाई वरून म्हणाल्या, ‘आप्पा, वादळ पुण्याकडे चाललंय. पण माझ्या जिवावर पसरू नका.’ आप्पांनी पसरला. पाऊस आला नाही. दुसऱ्या दिवशी गच्चीच्या पायरीवर काकड्यांची पाटी होती. बाईंनी काकड्या आम्हाला वाटल्या आणि मला चुकून मोठी आली. कुंदाकडे बघून मी ती कचाकचा खाल्ली.

असा तो हंगाम. भाताचा, विजांचा, हेव्याचा. एवढ्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही, मी तेव्हा सुखात होते. कुंदावर जळण्यातही सुख होतं, कारण जिच्यासाठी जळायचं ती रोज दिसत होती. खरं जळणं पुढे आलं.

बाईंचे मार्गदर्शक मुंबईला असत. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. मी ते एकदा पत्रकात लिहिलं होतं, छापखानेवाल्यानं हात जोडले. मार्गदर्शक साहेब कापणीच्या दिवसांत एकदाही आले नाहीत. दिवाळीनंतर गाडी घेऊन आले, गच्चीवर गेले, बाजेला टिचकी मारली, ‘क्रूड, बट इट वर्क्स’ म्हणाले आणि नोंदी मुंबईला नकलून घ्यायला म्हणून घेऊन गेले. बाईंनी दिल्या. का नाही देणार? गुरू ते. मूळ कागद आठवड्यात परत आलेही. त्यांच्या टायपिस्टानं आकड्यांचे रकाने तेवढे टाइप करून घेतले. शेऱ्याचा रकाना मराठीत होता, म्हणून सोडला. त्याची काय गरज, म्हातारी खोकली वगैरे?

संक्रांतीच्या आधी परिषदेचं बोलावणं आलं. मार्गदर्शकांचं भाषण होतं. बाईंना वाटलं, आपल्या कामाचा उल्लेख होईल. आम्हा दोघींनाही सोबत घेतलं. नवी साडी नेसल्या होत्या, निळी.

दिवे मंद झाले. पडद्यावर आलेख आला. आमचा. कर्जत आणि ठाकुरवाडी ही नावं इंग्रजीत, खाली मार्गदर्शकांचं नाव, एकट्याचं. मी पडदा वाचत राहिले, पुन्हा पुन्हा, कुठे मोरे दिसतंय का म्हणून. शेजारी कुंदा पुटपुटली, ‘अगं, हे बघ.’ आलेखावर उंचवटे होते. रोज त्याच त्याच वेळी. साहेब छडी लावून सांगत होते की सह्याद्रीवर वादळाचा जोर विलक्षण नियमितपणे वाढतो.

पहिल्या रांगेतल्या एका वयस्क गृहस्थानं विचारलं, ‘इतका नियमितपणा कसा काय?’

साहेब म्हणाले, समुद्रवारे ठरल्या वेळी घाटाला येऊन थडकतात, निसर्गाचं हे घड्याळ आहे. टाळ्या पडल्या.

कुंदा माझ्या कानात म्हणाली, ‘बाई गं, ही तर मेल गेली!’ आणि तिला हसू फुटलं. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती हलत होती. मलाही हसू येत होतं आणि रडू येत होतं आणि मी उठत होते. मला ओरडायचं होतं. अख्ख्या सभागृहाला सांगायचं होतं की हे वादळ नव्हे, रेल्वेचं वेळापत्रक आहे, आणि ते मी लिहिलंय, माझ्या या दोन कानांनी. बाईंनी माझं मनगट धरलं. त्यांची पकड सोल्डरिंग करणाऱ्या माणसाची, सुटत नाही.

‘खाली बस.’

‘बाई!’

‘बस म्हटलं ना.’

आणि सगळ्यांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या. एका हातानं माझं मनगट सोडून.

चहाच्या वेळी हार घातलेल्या साहेबांभोवती गर्दी होती. बाई तिच्या कडेला उभ्या राहिल्या. गर्दी पातळ झाल्यावर पुढे गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘सर, तुमचं वादळ कर्जतला मागे इंजिन लावून घाट चढतं.’

साहेबांना आधी कळलं नाही. मग कळलं. कपातला चहा बशीत आला. त्यांनी बाईंना खांबाआड नेलं. मी मागे होते, मला सगळं ऐकू आलं. ‘मोरे, कुणाला बोललात?’ ‘नाही सर.’ ‘गुड. छापायला द्यायच्या आधी बरं झालं. तो शेऱ्यांचा रकाना पाठवून द्या.’ मग मोठ्या मनानं, ‘तुमच्यासारख्यांना इथपर्यंत आणलं त्याचं चीज झालं.’

तुमच्यासारख्यांना. हे एका शब्दाचे फटके आम्हाला लहानपणापासून ओळखीचे असतात. त्यांनी जखम होत नाही, घट्टा पडतो.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या घरी गेले. आजूबाजूच्या घरांतून तिळगूळ वाटणाऱ्या पोरी हिंडत होत्या, आणि बाई ओट्यावर बसून शेऱ्याचा रकाना इंग्रजीत उतरवत होत्या. त्यांच्यासाठी!

‘तुम्ही त्यांना सांगितलंत कशाला? छापू द्यायचं होतं तसंच. सगळ्या जगात लाज गेली असती!’

‘लाज त्यांची गेली असती. पण वादळ माझं होतं.’

‘तुमचं? तुमचं नाव कुठे होतं त्याच्यावर?’

बाईंनी लिहिणं थांबवलं नाही. ‘चोरलेलं परत मागता येतं गं. बिघडवलेलं कोण दुरुस्त करणार? उद्या कुणी पोरगा तो आलेख खरा धरून पुढचं काम करील. घाटावर रोज चारला वीज पडते म्हणेल. त्याचं आयुष्य गाडीच्या मागे फुकट जाईल.’

‘मग मागा ना परत!’

तेव्हा मात्र त्या थांबल्या. पेनाचं टोपण लावलं, काढलं. ‘म्हातारी खोकली, याला इंग्रजीत काय लिहू?’ असं विचारलं.

मला त्या पोराचा हेवा वाटला. त्या कुठल्याशा, जन्मालाही न आलेल्या, पुढे कधीतरी आलेख वाचणाऱ्या पोराचा. बाईंना त्याची काळजी होती. माझ्या मनगटावर वळ होते, ते त्यांना दिसले नाहीत.

लेख छापून आला. दुरुस्त होऊन आला, निर्दोष. त्यात एक परिच्छेदच होता, रेल्वेमुळे येणारा अडथळा लेखकानं कसा चातुर्यानं वेगळा काढला याचा. शेवटी बारीक अक्षरांत स्थानिक साहाय्यकांचे आभार. बाई, कुंदा, मी आणि दोन बाजा, सगळ्या मिळून आम्ही स्थानिक साहाय्यक.

इथपर्यंत चोरी होती. यानंतर झालं ते मला चोरीहून वाईट वाटतं. बाईंनी प्रबंध पुरा करून पाठवला. मार्गदर्शकांनी परत पाठवला. कारण? यातले निष्कर्ष आधीच प्रसिद्ध झालेले आहेत, नवीन काही नाही. म्हणजे बाईंचं काम बाईंच्याच आड आलं. पुढे नोंदणीची मुदत संपली. डॉक्टरेट नाही, म्हणून पदवी महाविद्यालयात जागा नाही. जागा नाही, म्हणून संशोधनाला विद्यार्थी मिळत नाहीत. मला त्यांची पहिली संशोधक विद्यार्थिनी व्हायचं होतं. मी तेव्हाच ठरवलं होतं, डिप्लोमा झाला की पदवी, मग बाईंकडेच. गच्चीवर, तो एक कान माझा. ते राहून गेलं, आणि मी चळवळीत शिरले. लोक म्हणतात, समाजासाठी शिरले. ठीक आहे, म्हणू द्या.

कुंदाला मार्गदर्शकांच्या मुंबईच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. गेल्या वर्षी ती खोपोलीच्या बाजारात भेटली, सुकट घेत होती. मी कोरडंच म्हटलं, ‘काय, थंड खोलीत बसतेस म्हणे.’

ती म्हणाली, ‘बसते. तिथं आता यंत्रच ऐकतं, यंत्रच लिहितं. मी कागदाची गुंडाळी संपली की दुसरी चढवते. कानाला काही लावलं नाही गं इतक्या वर्षांत.’ मग एकदम, ‘तू बाईंकडे जातेस ना अजून? दर रविवारी? नशीबवान आहेस मेली.’

सुकटीच्या वाट्यावर माशा घोंघावत होत्या. ती माझ्यावर जळत होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि लगेच वाटलं, बघा, एका माणसानं हार घालून घेतला आणि आम्ही दोघी बाजारात उभ्या राहून एकमेकींचा एकेक कान मोजतोय. तिनं माझ्यावर जळावं, मी तिच्यावर. त्याच्यावर कुणी जळायचं?

तिथेच ठरवलं. यापुढे माझा मत्सर फुकट खर्च करायचा नाही.

बाई अजून त्याच खोलीत शिकवतात. मोहोपाड्याच्या कारखान्यांत, खोपोलीच्या वीजघराकडे, कर्जतच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांत त्यांची मुलं आहेत. कुठल्याही दुकानात जा, रेडिओ उघडणारा पोरगा डावा हात पाठीमागे नेतो. विचारलं तर सांगतो, ‘सवय हाय, मोरेबाईंची.’ हे ऐकून लोक म्हणतात, याहून मोठी पदवी कुठली? म्हणणारे बहुतेक पदवीवाले असतात. शिष्यांच्या सवयीत जिवंत राहणं ही फार सुंदर गोष्ट आहे. ती आमच्या बाईंना द्यायची आणि वेतनश्रेणी, खोली, नाव दुसऱ्याला, ही वाटणी कुणी केली?

परवा रविवारी गेले होते. बाईंच्या घरी रेडिओ लावलेला, आणि टक् टक् चालू. त्या हातातलं काम टाकून, रेडिओ जरा जरा फिरवून ऐकत होत्या. घाटाकडे तोंड करून.

‘ठाकुरवाडीच्या पलीकडे,’ त्या म्हणाल्या, ‘खंडाळ्याच्या अंगाला.’

‘नोंद घेतली का?’ मी विचारलं.

‘कशाला आता?’

इतकंच म्हणाल्या. रडल्या नाहीत, उसासा टाकला नाही. ज्या बाईंनी मला कानात गाळू नको म्हणून फटकारलं, त्या आता ऐकून सोडून देतात. मला त्या सभागृहातल्या टाळ्यांपेक्षा हे ‘कशाला आता’ जास्त लागलं. त्या साहेबांनी नुसता आलेख नेला नाही. बाईंचं लिहिणं नेलं.

बाई मागणार नाहीत. म्हणून मी मागते, आणि तुमच्याकडे मागते. तुमच्यातले काही जण त्या दिवशी त्या सभागृहात होते. तुम्ही चहा प्यायलात, घरी गेलात. काही जण महाविद्यालयात शिकवता, शिकता. तो लेख तुमच्या ग्रंथालयांत आहे. घाटावरच्या विजांबद्दलचा, ज्यातल्या आलेखाखाली कर्जत आणि ठाकुरवाडी ही दोन नावं आहेत आणि तिसरं एक नाव आहे तो. उद्या सकाळी जा. अंक मागून घ्या, ते पान उघडा आणि आलेखाखाली स्वच्छ अक्षरांत लिहा: ‘हे काम वत्सला मोरे यांचं आहे.’ ग्रंथपाल ओरडेल, तर त्याला का ते सांगा, आणि खाली तुमची सही करा. पेन्सिलीनं लिहू नका. शाईनं लिहा.